परांड्याला न गेलेल्या गाड्या

अहो रेखाचे अप्पा,

गल्लीत, पंपावर, पाहुण्यारावळ्यांत सगळे तुम्हाला संतोषचे अप्पा म्हणायचे. मीही जन्मभर तसंच म्हणत आले. आज मुद्दाम रेखाचे अप्पा लिहिलंय. का, ते पुढं कळेल.

तुमची गाडी आली. तुम्ही बुक केलेली, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी, पांढरी गाडी दारात उभी आहे. तुम्ही उन्हाळ्यात गेलात आणि ती थंडीत आली. काल तिच्यातून परांड्याला जाऊन आले, आणि तिथं जे कानावर पडलं त्यानं डोकं अजून ताळ्यावर आलेलं नाही. घरात कुणाशी बोलावं तर शब्दाला शब्द वाढतो. म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. अंगणवाडीत इतकी वर्षं वरच्या साहेबांना अहवाल लिहिले, तुम्हाला दोन ओळी कधी लिहिल्या नाहीत. लिहायची वेळच कुठं आली? तुम्ही संध्याकाळी पंपावरून यायचात, अंगाला पेट्रोलचा वास, आणि हातपाय धुवायच्या आधीच दिवसभरात आलेल्या गाड्यांच्या गोष्टी सुरू व्हायच्या.

ही गाडी तुम्ही पहिल्यांदा बघितलीत तो दिवस मला आठवतो. हैदराबादकडचे एक डॉक्टर नवरा-बायको पंपावर हवा भरायला थांबले होते. पेट्रोल टाकू का, असं तुम्ही विचारलंत तर ते म्हणाले, तिकडून भरून निघालोय, पुण्याला पोचूनही उरेल. तुम्हाला ते खरंच वाटेना. दिसायला साधीच गाडी, तसल्या उमरग्यात दहा घरांपुढं उभ्या आहेत. तुम्ही एवढी चौकशी केलीत की त्या डॉक्टरांनी शेवटी तुम्हाला आत बसवून पंपाभोवती एक चक्कर मारून आणली. संध्याकाळी जेवताना तुम्ही ताटात बोटानं रेघा ओढून मला समजावत होतात. हळू चालली की बॅटरीवर, वेग घेतला की इंजिनावर, ब्रेक दाबला की बॅटरी आपोआप भरते, भिंतीला वायर लावायची भानगडच नाही. त्यातलं निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. वरण गार झालं ते वेगळंच. पण शेवटचं बोलणं मला पक्कं कळलं.

"सुमन, एकदा टाकी भरली की रेखाकडं दोनदा जाऊन परत. मधी कुठं थांबायलाच नको."

बाकी कुणाला तुम्ही हे सांगितलंत का? नाही. हीच माझी तुमच्याविषयीची पहिली तक्रार आहे. लोकांना तुम्ही फक्त एव्हरेज सांगत बसलात. मग लोक हसणार नाहीत तर काय करतील? पंपावरचा माणूस पेट्रोल वाचवणारी गाडी घ्यायलाय, मालकाचा धंदा बसवतो का काय, असं सगळे म्हणायचे आणि तुम्हीही त्यांच्याबरोबर हसायचात. संतोषलासुद्धा वाटलं, म्हाताऱ्याला नाद लागलाय. हायवेकडेचा तुमचा तो एवढासा प्लॉट तुम्ही गाडीसाठी विकलात तेव्हा तो धुसफुसत राहिला. तेव्हाच त्याला समोर बसवून सांगायचं होतं ना, की बाबा, ही गाडी तुझ्या बहिणीसाठी आहे. तुम्ही सांगितलं नाहीत. माणसाचं मन आपोआप कळतं असं तुम्हाला वाटायचं. नाही कळत हो. सांगावं लागतं.

रेखाला परांड्याला दिली तेव्हापासून आपल्या घरात एकच पाढा चाललेला. एकाच जिल्ह्याची दोन टोकं, पण लेक जणू परमुलखात दिली. तिचं बाळंतपण तिकडंच झालं. पोरीचं बारसं झालं, तेव्हा आपण दोघं एसटीनं गेलो आणि पोचेपर्यंत पाळणा म्हणून झाला होता. तिला टायफॉइड झाला तेव्हा मी जाते म्हणाले, तर तुमचे थोरले भाऊ म्हणाले, जीप करून जायचं म्हटलं तर डिझेल किती जाईल, काही अंदाज हाय का? दरवेळी हेच. आधी कुणी विचारणार नाही की पोरगी कशी आहे. आधी विचारणार, गाडी एव्हरेज किती देते. मग आपसांत हिशेब होणार, मग कुणीतरी म्हणणार, फोनवर बोला की, फोन कशाला हाय. आणि रेखा फोनवर म्हणणार, राहू द्या अप्पा, मी बरी आहे.

तुम्ही ते सगळं ऐकायचात आणि गप्प बसायचात. आणि मग एक दिवस जाऊन सोलापूरला गाडी बुक करून आलात. त्या गाडीला लई मागणी, वाट बघावी लागेल म्हणून सांगितलं होतं. तुम्ही खुशीत होतात. म्हणालात, येऊ दे सावकाश, आपल्याला कुठं घाई आहे!

घाई नव्हती? छातीत दुखत होतं त्याला तुम्ही पित्त म्हणत राहिलात. अनोळखी गाडीच्या चाकात हवा कमी दिसली तर हाक मारून थांबवायचात, पुढं जाऊ नका म्हणून बजावायचात. स्वतःच्या छातीचं मात्र घरातल्या माणसालाही सांगितलं नाहीत. किती राग येतो मला त्याचा! जेलुसिल घेतो आणि झोपतो म्हणालात आणि पहाटे उठलाच नाहीत.

आता त्या दिवसाचं सांगते. तुम्ही तिथंच होतात, पण तुम्हाला कुठं काय दिसलं.

उजाडल्याबरोबर मी स्वतः रेखाला फोन केला. जावई कारखान्यावर गेलेले, त्यांची मोटारसायकल त्यांच्यासोबत. ती म्हणाली, आई, मी निघालेच, संतोषला म्हणावं बार्शीपर्यंत तरी गाडी पाठव, पोरगी घेऊन तीन एसट्या बदलत यायला दिवस जाईल. मी संतोषला सांगितलं. त्यानं हो म्हणून मान हलवली. त्याच्या दोस्तांच्या तीन मोठ्या गाड्या सकाळपासून गल्लीत उभ्या होत्या. एवढ्या मोठ्या की दूधवाल्याला सायकल उचलून न्यावी लागली. पुढाऱ्यासारख्या काळ्या काचा, आत एसी चालू ठेवून पोरं मोबाइल बघत बसलेली. त्या गाड्या फुलं आणायला गेल्या, लाकडाची व्यवस्था करायला गेल्या, कुणाच्या तरी सासऱ्याला बसस्टँडवरून आणायला गेल्या. परांड्याला एकही गेली नाही.

ऊन चढायला लागलं तशी पुरुषमाणसं घाई करायला लागली. मी आतून दोनदा निरोप पाठवला की रेखा येतीय, थांबा. तिसऱ्यांदा स्वतः उठून दारात गेले. तुमचे थोरले भाऊ म्हणाले, "ऊन लई हाय, मातीला जास्त वेळ ठेवत न्हाईत." संतोष खाली बघत होता. आणि तुम्हाला उचललं.

रेखा आली तेव्हा अंगण झाडून झालं होतं. ती दारात उभी राहिली, तुम्हाला जिथं ठेवलं होतं तिथं बघितलं, आणि आत येऊन माझ्याशेजारी बसली. रडलीसुद्धा नाही. तेरावा होईपर्यंत राहिली, चुलीपुढं राबली, आणि गेली. मला वाटलं, दुःखानं गप्प आहे.

लोकांचं काय सांगू? भेटायला येणारे पाच मिनिटं खाली मान घालून बसायचे, चहा प्यायचे आणि मग हळूच विचारायचे, अप्पांनी ती गाडी बुक केली होती तिचं काय? कुणीतरी तिसऱ्याच दिवशी संतोषला विचारत होतं, कंपनी सांगते तेवढं एव्हरेज खरंच देते का रे ती? माझ्या कपाळावरचं कुंकू पुसून दोन दिवस झाले नव्हते. मी आतून ऐकत होते. हातातली वाटी त्याच्या अंगावर फेकावी असं वाटलं.

दिवस झाले, महिने गेले, आणि सोलापूरहून फोन आला की तुमच्या गाडीचा नंबर जवळ आलाय. संतोषनं तो फोन घेतला आणि संध्याकाळी माझ्यापुढं येऊन बसला. त्याचं म्हणणं असं की ते बुकिंग रद्द करायचं, त्या पैशात त्याचे घालायचे आणि मोठी सात सीटची डिझेल गाडी घ्यायची. त्याचा प्लॉट दाखवायचा धंदा. गिऱ्हाईक आधी गाडी बघतं आणि मग माणूस बघतं, असं तो म्हणाला. त्या पांढऱ्या गाडीतून गिऱ्हाईक फिरवलं तर लोक विचारतील, काय संतोषराव, धंदा बसला का? आणि मोठ्या गाडीत सगळं घर मावेल, तुलाही देवदर्शनाला नेईन, असंही म्हणाला. वाईट बोलला नाही. गोड बोलला. म्हणूनच मला जास्त राग आला.

मी विचारलं, त्या गाडीनं रेखाकडं जाता येईल का?

तो म्हणाला, "आई, एवढ्या लांब त्या गाडीनं जायचं म्हणजे परवडतं का? सणासुदीला जाऊ की कधीतरी."

तेव्हा माझ्या तोंडातून ते निघालं. "तुझ्या दोस्तांच्या तीन गाड्या दारात होत्या. एक तरी परांड्याला गेली का?"

त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, त्या दिवशी कुणाला काय सुचत होतं? मी म्हणाले, फुलं सुचली, लाकडं सुचली, कुणाचा सासरा सुचला. बहीण सुचली नाही. तो उठून गेला. पण मी ठरवलं, आता ही गाडी घेतल्याशिवाय राहायचं नाही. तुमची म्हणून नाही हो. रेखाची म्हणून.

चालवणार कोण, हा प्रश्न होताच. तुमच्या लक्षात आहे का, आपल्या सुनेकडं, अश्विनीकडं, लग्नाच्या आधीपासून लायसन्स आहे? लातूरला कॉलेजात असताना तिच्या वडिलांनी शिकवलं होतं. आपल्या घरात आल्यापासून ती मागच्या सीटवरच बसली. मी तिला विचारलं, तर भाकरी थापता थापता म्हणाली, चालवीन की. संतोष म्हणाला, तिला हायवेची सवय न्हाय. ती त्याच्याकडं न बघताच म्हणाली, "सवय व्हायला चालवावी लागती."

मग आम्ही दोघी एसटीनं सोलापूरला शोरूममध्ये गेलो. दारातल्या पोरीनं गार पाणी दिलं आणि विचारलं, सर गाडी पार्क करायलेत का? अश्विनी म्हणाली, सर नाहीत, आम्हीच आहोत. ती पोरगी आत कुणाला तरी विचारायला गेली. मग टाय बांधलेला एक साहेब आला. त्यानं कॉम्प्युटरमध्ये तुमचं नाव बघितलं आणि म्हणाला, बुकिंग सरांच्या नावावर आहे, ते स्वतः आले तर बरं होईल.

मी म्हणाले, "ते येणार असते तर मी कशाला आले असते?"

त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यानं सॉरी म्हटलं आणि लगेच पुढचा नियम सांगितला. माणूस नाही म्हटल्यावर बुकिंगही नाही. पैसे परत मिळतील, पण नाव बदलायचं तर नवीन बुकिंग, आणि नंबर पार शेवटून. एवढे दिवस वाट बघितली ती कुणी बघितली, ते त्याच्या नियमात बसत नव्हतं. मग म्हणाला, त्यापेक्षा असं करा, हीच गाडी, हाच रंग, नुसत्या पेट्रोलवरची आज तयार उभी आहे. घेऊन जा. मी म्हणाले, मला बॅटरीवालीच पाहिजे. तो समजुतीनं हसला. अंगणवाडीत नवीन पोराला समजावतात तसं.

"मॅडम, हायब्रीड कुणासाठी असते, ज्यांचं रनिंग जास्त आहे त्यांच्यासाठी. तुमचं काय रनिंग?"

काय सांगू तुम्हाला, मला कसं वाटलं! तुमचं काय रनिंग. उमरग्यातल्या घरापासून अंगणवाडी, अंगणवाडीपासून बाजार, बाजारापासून घर. खरंच काय रनिंग माझं? जन्मभर कुणी गाडी दिली नाही आणि आता हा विचारतोय की तुमचं रनिंग काय. मी त्याला म्हणाले, इथून पुढं होणार आहे. माझी लेक परांड्याला आहे. आणि मी काही उठणार नाही, तुमच्या वरच्या साहेबाला बोलवा.

अश्विनीनं तोवर कंपनीच्या मोठ्या ऑफिसात फोन लावला होता. शांतपणे, एकेक शब्द नीट उच्चारून, सगळं सांगत होती. मला माहीतच नव्हतं की आपली सून इतकं स्वच्छ बोलते. दुपारचं जेवण तिथल्याच सोफ्यावर डबा उघडून खाल्लं. गाडी बघायला येणारी माणसं आमच्याकडं आणि ठेच्याकडं वळून बघत होती. बघू द्या म्हटलं. तो टायवाला दोनदा येऊन गेला. त्या दिवशी काही झालं नाही. पण आठवडाभरात फोन आला की वारस म्हणून माझं नाव लागेल आणि नंबर तोच राहील. म्हणजे होत होतं ना? मग आधी नाही का म्हणाला? बाईमाणूस उठून जाईल असं वाटलं असेल त्याला.

गाडी ताब्यात द्यायच्या दिवशी नारळ, हार, चाकाखाली लिंबं, सगळं केलं त्यांनी. फोटोसाठी ती मोठी किल्ली कुणाच्या हातात द्यायची म्हणून ते लोक पुन्हा पुरुषमाणूस शोधायला लागले. संतोष आला नव्हता. अश्विनीनं किल्ली घेतली आणि माझ्या हातात दिली.

ती चालवायला बसली, बटण दाबलं, आणि काहीच आवाज नाही. आम्ही दोघी तशाच बसून. अश्विनी म्हणाली, आत्या, चालू झालीच नाही वाटतं. बाहेरचा पोरगा काचेवर टकटक करून म्हणाला, झाली मॅडम, चालू झाली, निघा. तिचा डावा पाय सारखा क्लच शोधायचा, आणि क्लच तर ह्या गाडीला नाहीच. पहिल्यांदा ब्रेक दाबला तेव्हा माझं कपाळ समोर आपटायचं राहिलं. उमरग्यापर्यंत आम्ही सगळ्यांना पुढं जाऊ देत देत आलो.

तुमच्या पंपावर टाकी भरली. दस्तगीरभाईंनी लांबूनच ओळखलं. तुम्ही गेल्यापासून तुमच्या जागी तेच उभे असतात. मला खाली उतरू दिलं नाही. म्हणाले, "बैठो भाभी. झिरो देखो." तुम्ही गिऱ्हाइकाला म्हणायचात ना, झिरो बघा. तेच. मी झिरो बघितला. पुढचे आकडे काही मला दिसले नाहीत. त्यांनी टाकी भरली, काच पुसली, आणि दुसऱ्या गाडीकडं वळले. माझ्याकडं पाठ करून बराच वेळ उभे होते.

मग काल आम्ही परांड्याला गेलो. संतोषला सांगितलं, विचारलं नाही. नळदुर्ग, तुळजापूर, बार्शी. उसाचे ट्रॅक्टर रस्ताभर, एकामागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्या मागं आम्ही. अश्विनीचे हात आधी घट्ट होते, तुळजापूर गेल्यावर सैल पडले. मग तर ती गुणगुणायलाही लागली. मी खिडकीतून ज्वारी बघत होते. एवढ्या वर्षांत हा रस्ता मी कधी नीट बघितलाच नव्हता. एसटीत कायम उभी, नाहीतर पिशव्या धरून बसलेली.

रेखाची वस्ती गावाबाहेर आहे, तुम्हाला माहीतच आहे. गाडी वस्तीवर पोचली तेव्हा रेखा हौदावर कपडे धूत होती. गाडीचा आवाज नाही, त्यामुळं तिला कळलंच नाही. कुत्रं भुंकलं तेव्हा वळली. मला बघून हात पुसत आली. गाडीकडं बघितलं.

"कुणाची?"

मी म्हणाले, "तुझ्या अप्पांची."

ती म्हणाली, "उशिरा आली."

आणि चहा टाकायला आत गेली.

विहीणबाईंनी बाजेवर बसवलं, सुपारी पुढं केली, आणि त्यांनीही विचारलं, एव्हरेज चांगलं देत असंल न्हवं? मी म्हणाले, बघितलं नाही. खरंच बघितलं नाही. अश्विनी सांगत होती की समोर पडद्यावर सगळं येतं, किती पेट्रोल गेलं, किती राहिलं. मी तिला म्हणाले, मला सांगू नको. ते आकडे ऐकून ऐकून माझी लेक जन्मभर लांब राहिली.

चहा झाल्यावर मी रेखाला शेताकडं घेऊन गेले आणि विचारलं, तू माझ्यावर रागावलीस का? ती म्हणाली, तुझ्यावर नाही. मग बांधावर बसून तिनं त्या दिवसाचं सांगितलं. बार्शीच्या स्टँडवर गाडी लागायला वेळ होता म्हणून ती संतोषला फोन करत होती. रिंग जायची आणि कट व्हायची. परत लावला, परत कट. तुळजापूरला उतरली, पोरीला बिस्किटाचा पुडा घेतला, आणि मोबाइलवर संतोषचं स्टेटस दिसलं. तिला वाटलं, तुमचा हार घातलेला फोटो असेल. उघडलं.

"आई, अप्पांची चिता होती. पेटलेली. खाली लिहिलं होतं, भावपूर्ण श्रद्धांजली. मी स्टँडवर उभी होते, पोरगी बिस्किट खात होती."

ऐकलंत का हो? ऐकलंत का तुम्ही? बहिणीचा फोन कापला आणि चितेचा फोटो जगाला दाखवला! तुमच्या लेकीनं तुमचं शेवटचं तोंड बघितलं नाही, जाळ बघितला, तोही मोबाइलवर, परक्या गावच्या स्टँडवर उभं राहून. आणि त्यानंतर ती पुढच्या एसटीत बसली, उमरग्याला आली, आणि तेरा दिवस आपल्या घरात भाकऱ्या थापल्या. मी म्हणाले, तू तेव्हाच मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तू संतोषला घराबाहेर काढलं असतंस. अप्पांचे दिवस तरी नीट व्हावेत म्हणून नाही बोलले.

परत येताना मी अश्विनीला हे सांगितलं. तिनं गाडी बाजूला घेतली, थोडा वेळ तशीच बसली, आणि मग पुन्हा निघाली.

घरी आल्या आल्या मी संतोषला विचारलं. तो आधी म्हणाला, मी कशाला टाकू असलं स्टेटस? मग त्याला आठवलं. त्या दिवशी त्याचा फोन दोस्ताकडं दिला होता, लोकांचे फोन घ्यायला. त्यानंच टाकलं असणार, नंतर पुसलंही असेल. मी म्हणाले, त्या फोनवर रेखाताई असं नाव येत होतं ना? कापायला हात होता, उचलायला नव्हता? आणि तू फोन दुसऱ्याला दिलास, मान्य. गाडी न पाठवायला कुणाचा हात होता?

तो पायरीवर बसला. एवढंच म्हणाला, "तिनं बघितलं व्हय ते?" आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही. आज सकाळी त्यानं रेखाला फोन लावला. तिनं कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. मला काही वाईट वाटलं नाही. कापू दे तिला. तो लावत राहील की नाही, तेवढंच मला बघायचंय. पोटचा आहे, तुटत नाही, पण एवढ्यात मऊ पडायचं नाही असं मी ठरवलंय.

तुम्ही असतात तर काय केलं असतंत? जाऊ दे म्हणाला असतात. नेहमीसारखं. ह्या वेळी मी जाऊ देणार नाही.

म्हणून तुम्हाला सांगून ठेवते. उन्हाळ्यात तुमचं वर्षश्राद्ध येईल. थोरले भाऊजी ऊन चढायच्या आत उरकायची घाई करतील, भटजींना दुसरीकडं जायचं असेल, पाहुण्यांना भूक लागेल. अश्विनी पहाटे गाडी घेऊन परांड्याला निघेल. रेखा येईल, पोरीला घेऊन येईल, हातपाय धुईल, तुमच्या फोटोसमोर तिला पाहिजे तेवढा वेळ बसेल. रडायचं असेल तर रडेल. तोवर ह्या घरात पान वाढलं जाणार नाही. कुणी कितीही बोललं तरी मी चुलीपुढून उठणार नाही. तुमच्या नावाचा घास रेखाच्या हातानं ठेवला जाईल.

कावळा आला तर त्यालाही थांबावं लागेल. तुम्हीही थांबा.

तुमची,
सुमन